आधी आगबोट शोधा, मग पत्र वाचा

प्रश्न थोडक्यात असा. जोतीराव फुल्यांच्या 1873 च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचून एका अभ्यासकाला अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी मंडळींबद्दल कुतूहल वाटलं. त्यांनी बोस्टन पब्लिक लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेली पत्रं वाचायला घेतली. बोस्टन, डब्लिन, ब्रिस्टल, लंडन अशी पत्रं जातायेताना दिसतात, पण उत्तरं प्रश्नांशी जुळत नाहीत. मध्येच दोन-तीन आठवडे सगळं सामसूम असतं. तेच पत्र हस्तलिखितात एक आणि वर्तमानपत्रात वेगळंच निघतं. एकाच पुस्तकाची बोस्टनची आणि डब्लिनची प्रत सारखी नाही. मग सुरुवात कुठून करायची?

मजकुरापासून करू नका, आगबोटींच्या वेळापत्रकापासून करा. 1840 नंतरचा हा पत्रव्यवहार लिव्हरपूल आणि बोस्टनच्या धक्क्यावरून बोट कधी सुटते त्यावर चालायचा. पत्राची तारीख, लांबी, कागदाची जाडी, घाईचं अक्षर, मागून जोडलेला ताजा कलम, अगदी राग आणि समेटसुद्धा बोटीच्या तारखेला बांधलेले असतात.

4 जुलै 1840 ला क्युनार्ड या आगबोट कंपनीची 'ब्रिटानिया' लिव्हरपूलहून सुटली आणि हॅलिफॅक्समार्गे सुमारे दोन आठवड्यांत बोस्टनला लागली. त्याआधी भिस्त शिडाच्या टपालजहाजांवर होती. न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला तीन-चार आठवडे, आणि उलट, वारा तोंडावर घेत जायचं तर पाच-सहा. क्युनार्डच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात लिव्हरपूलहून महिन्याच्या 4 आणि 19 तारखेला, बोस्टनहून 1 आणि 16 तारखेला बोट असे. हिवाळ्याचे चार महिने मात्र महिन्याला एकच, लिव्हरपूलहून 4 ला आणि बोस्टनहून 1 ला. रविवार आला की एखाद्या दिवसाचा फरक पडायचा. 1848 पासून फेरी आठवड्याची झाली, एकदा बोस्टनला आणि एकदा न्यूयॉर्कला.

वहीच्या एका पानावर ज्या वर्षाची पत्रं वाचताय त्या वर्षाचा तक्ता करा: डाव्या बाजूला बोस्टनहून सुटणं, उजवीकडे लिव्हरपूलहून सुटणं, मध्ये साधारण 12 ते 16 दिवसांचा प्रवास. मग पत्रं त्यावर मांडा. लगेच दिसेल की बोस्टनची मंडळी महिनाअखेरीला आणि 14-15 तारखेला झपाटल्यासारखी लिहितात आणि मध्ये गप्प असतात. या शांततेला 'मतभेद' म्हणायचा मोह होतो. बिचारे बोटीची वाट बघत होते.

उत्तराचं गणितही तक्त्यावरच करा. उन्हाळ्यात बोस्टनहून 1 तारखेला निघालेलं पत्र 13-14 ला लिव्हरपूलला, उत्तर 19 च्या बोटीने, ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोस्टनला. तोवर तिथली 1 तारखेची बोट गेलेली, म्हणजे प्रत्युत्तर 16 ला. दरम्यान दोन्ही बाजूंनी आणखी एकेक पत्र निघालेलं असतं आणि ती समुद्रात एकमेकांना ओलांडतात. म्हणून लागोपाठच्या तारखांची दोन पत्रं एकमेकांची उत्तरं आहेत असं कधीही गृहीत धरू नका. पत्राच्या पहिल्या ओळीत कुठल्या पत्राची पोच दिली आहे ते बघा. बहुतेक वेळा 'अमुक बोटीने आलेलं तुमचं पत्र' असं बोटीच्या नावासकट लिहिलेलं असतं. 'अकेडिया', 'कॅलेडोनिया', 'हायबर्निया', 'कॅम्ब्रिया' ही नावं पाठ करून ठेवा, तारखेपेक्षा भरवशाची असतात.

एक उदाहरण जवळून बघू. गुलामगिरीतून पळून आलेले वक्ते आणि लेखक फ्रेडरिक डग्लस 16 ऑगस्ट 1845 ला 'कॅम्ब्रिया'ने बोस्टनहून निघाले आणि 28 ला लिव्हरपूलला उतरले. डब्लिनहून त्यांनी चळवळीचे बोस्टनमधले पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांना लिहिलेल्या पत्रावर 1 सप्टेंबर ही तारीख आहे आणि ते गॅरिसन यांच्या 'लिबरेटर' या साप्ताहिकाच्या 26 सप्टेंबरच्या अंकात आलं. 'लिबरेटर' निघायचा शुक्रवारी. 4 ची बोट, तिसऱ्या आठवड्यात बोस्टन, पुढचा शुक्रवार 26. चोख जमतं.

आता हिवाळा बघा. डग्लसच्या आत्मकथनात सगळा खोटेपणा आहे असा दावा करणारं पत्र डेलावेअरच्या ए. सी. सी. थॉम्पसन नावाच्या माणसाने तिथल्या वर्तमानपत्रात छापलं, आणि 'लिबरेटर'ने ते 12 डिसेंबर 1845 च्या अंकात उद्धृत केलं. डग्लसचं उत्तर स्कॉटलंडमधल्या पर्थहून 27 जानेवारी 1846 चं, आणि ते छापलं गेलं 27 फेब्रुवारीला. बरोब्बर 11 आठवडे. या विलंबावरून डग्लस गडबडले असा निष्कर्ष कुणी काढेल. तक्ता वेगळंच सांगतो: 12 डिसेंबरचा अंक 1 डिसेंबरच्या बोटीला मिळणं शक्य नव्हतं. पुढची बोट 1 जानेवारीची, म्हणजे अंक महिन्याच्या मध्यावर लिव्हरपूलला. तिथून दौऱ्यावर असलेल्या माणसाच्या मागे स्कॉटलंडला. उत्तर 4 फेब्रुवारीच्या बोटीने, मग पुढचा सोयीचा शुक्रवार. विलंब डग्लसचा नव्हता, हिवाळ्याचा होता. उलट उत्तर वाचलंत तर ते थॉम्पसनचे आभारच मानतात, कारण हा माणूस गुलाम होताच कशावरून, असं विचारणाऱ्यांना परस्पर पुरावा मिळाला होता. थॉम्पसनने कबूल केलं होतं की आपण त्याला फ्रेडरिक बेली या नावाने गुलाम म्हणून ओळखत होतो.

आता कागद. 1840 च्या आधी ब्रिटनमध्ये आणि 1845 च्या आधी अमेरिकेत टपालहाशील अंतरावर आणि कागदाच्या तावांच्या संख्येवर होतं. पाकीट घातलं तर तोही एक ताव धरायचे. म्हणून पाकीट नसायचंच: एक मोठा ताव दुमडून चार पानं, चौथ्या पानाच्या मधल्या पट्टीवर पत्ता, घडी घालून लाख. यातून वाचणाऱ्याला दोन त्रास होतात. एक, लाख फोडताना कागदाचा तुकडा निघतो आणि तिसऱ्या पानाच्या कडेला तीन-चार ओळींतले शब्द गायब होतात. अंदाजाने भरू नका, समोरच्या पानाचं चित्र मोठं करून बघा. फाटलेला तुकडा बऱ्याचदा लाखेला चिकटून तिथेच राहिलेला असतो आणि शब्द सापडतात, कधी उलटे. दोन, पत्त्याच्या पट्टीच्या वरखाली उरलेल्या जागेत लिहिलेला मजकूर. तो सगळ्यात शेवटी लिहिलेला असतो आणि ताज्या बातम्या तिथेच असतात, पण लिप्यंतर करणारे तो मध्येच कुठेतरी कोंबतात.

पुढे हाशील वजनावर आलं, अर्धा औंस म्हणजे सुमारे 14 ग्रॅम. बोटीने येणाऱ्या पत्राला ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसाला एक शिलिंग. 1849 च्या सुरुवातीला दोन्ही देशांचा टपाल-करार अमलात आला आणि दर 24 सेंट असा एकच ठरला. महाग होतं ते: डग्लसचं आत्मकथन 1845 मध्ये बोस्टनला 50 सेंटला मिळायचं, म्हणजे दोन पत्रांच्या हशिलात एक पुस्तक. म्हणून पातळ कागद, बारीक अक्षर, आणि पान भरलं की ताव काटकोनात फिरवून त्याच ओळींवर आडवं लिहिणं. असं आडवं-उभं पान वाचताना चित्र पडद्यावर 90 अंशांत फिरवा आणि एका वेळी एकाच दिशेच्या ओळी वाचा. दोन्ही दिशा एकदम वाचायचा प्रयत्न केला की डोळे दुखतात, बाकी काही होत नाही. आधी लिहिलेल्या ओळींची शाई बहुधा थोडी फिकी दिसते, तिचा उपयोग करून घ्या. एलिहू बरिट या अमेरिकन लोहार-सुधारकाने समुद्रप्रवासाला एकच पेनी घ्या म्हणून जी चळवळ चालवली आणि त्यासाठी चित्रांची पाकिटं छापली, ती याच महागाईतून.

पाकिटाचं किंवा पत्त्याच्या बाजूचं चित्र असेल तर त्यावरचे मोठे आकडे सोडू नका. 24 सेंटची वाटणी ठरलेली होती: अमेरिकेतला प्रवास 5, समुद्र 16, ब्रिटनमधला प्रवास 3. अमेरिकेतच पैसे भरलेलं पत्र ब्रिटिश बोटीने गेलं तर अमेरिकेने आपले 5 ठेवून 19 ब्रिटनच्या खात्यात टाकायचे, म्हणून '19'. तेच अमेरिकन बोटीने गेलं तर फक्त '3'. अमेरिकेतून पैसे न भरता पाठवलेलं पत्र ब्रिटिश बोटीने गेलं तर '5', अमेरिकन बोटीने गेलं तर '21'. लाल शाई म्हणजे पैसे भरलेले, काळी म्हणजे घेणाऱ्याकडून वसूल करायचे. पत्रावर बोटीचं नाव नसेल तेव्हा हा एक आकडा तुम्हाला निम्म्या बोटी गाळायला मदत करतो.

ब्रिटनमध्ये 10 जानेवारी 1840 पासून देशांतर्गत पत्राला कुठेही एक पेनी लागू लागली, आयर्लंड धरून. म्हणून बोस्टनहून एकच जाडजूड पाकीट डब्लिनला चळवळीतले छापखानेवाले रिचर्ड डेव्हिस वेब यांच्या नावाने येई. आत चळवळीतल्या इतरांना, म्हणजे ब्रिस्टलच्या एस्टलिनांना, डार्लिंग्टनच्या एलिझाबेथ पीझना चिठ्ठ्या, आणि त्या पुढे पेनीत जात. वेबना आलेलं पत्रही 'वाचून पुढे पाठवा' या तत्त्वावर चार गावं हिंडून येई. तेव्हा पत्रावर पत्ता नाही, शिक्का नाही, म्हणून ते 'न पाठवलेला कच्चा खर्डा' ठरवू नका. ते दुसऱ्याच्या पाकिटातून, ओळखीच्या प्रवाशाच्या खिशातून किंवा बाजाराच्या खोक्यातून गेलेलं असू शकतं. बोस्टनला दर डिसेंबरात गुलामगिरीविरोधी निधीसाठी बाजार भरायचा. त्यासाठी कॉर्क, डब्लिन, ब्रिस्टल, ग्लासगो, एडिंबरा इथल्या बायका विणकाम, भरतकाम, चित्रं, पुस्तकं खोक्यांत भरून पाठवायच्या. शरद ऋतूतल्या पत्रांत खोक्यांची यादी आणि जकातीची कटकट दिसली की पत्र कुठल्या बोटीचं ते सांगावंच लागत नाही.

पत्र फिरवण्याचा हा रिवाज एकदा चांगलाच अंगाशी आला. गॅरिसन यांच्या गटातल्या, बोस्टनच्या मारिया वेस्टन चॅपमन यांनी वेबना लिहिलं की डग्लसवर जरा लक्ष ठेवा, लंडनची विरोधी गटातली समिती (खाली येणारं 'ब्रॉड स्ट्रीट') त्यांना पैशाने आपल्याकडे ओढेल. वेबनी ते पत्र डग्लसना कळू दिलं. डग्लसनी 29 मार्च 1846 ला किल्मारनॉकहून चॅपमनबाईंना लिहिलेलं उत्तर आज बोस्टनच्या संग्रहात आहे आणि ते सभ्य भाषेत लिहिलेल्या संतापाचा नमुना आहे: माझ्यावर मुकादम नेमणार असाल तर मी तुमच्या संस्थेतून बाहेर पडलेलाच बरा. मळ्यावरच्या मुकादमाचा शब्द त्यांनी तिथे मुद्दाम वापरला, हे लक्षात घ्या. 1847 च्या डिसेंबरात डग्लसनी रॉचेस्टरला स्वतःचं वर्तमानपत्र काढलं त्याची मुळं शोधताना हे पत्र वगळता येत नाही.

तारखांचे सापळे. वेब आणि पीझ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि क्वेकर महिन्याचं नाव घेत नाहीत, आकडा लिहितात. जुन्या नोंदींत सातवा महिना म्हणजे सप्टेंबर, हे कुठेतरी वाचलेला माणूस 1846 चं पत्र सप्टेंबरात टाकतो. ती गणना 1752 पर्यंतची. एकोणिसाव्या शतकात सातवा महिना जुलैच. 'पहिला दिवस' म्हणजे रविवार. त्यात अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, ब्रिटिश दिवस आधी. दोन्ही आकडे 12 च्या आत असले की तक्त्यावर दोन्ही शक्यता मांडून बघा. बहुधा एक बोटीशी जुळते, दुसरी समुद्रात पडते. सूचीत चौकटी कंसात दिलेलं वर्ष हा सूचीकाराचा अंदाज असतो, पुरावा नव्हे.

नावांचे सापळे त्याहून वाईट, कारण चूक झाली तरी वाक्याचा अर्थ लागतो. सॅम्युएल जे. मे आणि सॅम्युएल मे ज्युनियर हे चुलत भाऊ: पहिले सिरॅक्यूजचे धर्मोपदेशक, दुसरे मॅसॅच्युसेट्स संस्थेचे मुख्य कार्यवाह आणि ब्रिटिश मंडळींशी भरपूर पत्रव्यवहार करणारे. दुसऱ्यांचं गाव लेस्टर, पण मॅसॅच्युसेट्समधलं, इंग्लंडमधलं नव्हे. 'कॉर्नहिल' लंडनमध्ये आहे तसं बोस्टनमध्येही होतं, आणि गुलामगिरीविरोधी कचेरी 1845 मध्ये बोस्टनच्या 25 कॉर्नहिलवर होती. डब्लिनच्या 'वेब अँड चॅपमन' छापखान्यातले चॅपमन आणि बोस्टनच्या मारिया वेस्टन चॅपमन यांचा काडीचा संबंध नाही. तरी त्यांना वेबच्या भागीदार करून टाकलेलं अधूनमधून दिसतं. लंडनचे जॉर्ज थॉम्पसन आणि वर आलेले डेलावेअरचे थॉम्पसन, यांची गल्लत तर एकाच पानावर होऊ शकते.

'ब्रॉड स्ट्रीट' असं नुसतं लिहिलं असेल तर ती लंडनच्या 27 न्यू ब्रॉड स्ट्रीटवरची, 1839 मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश अँड फॉरेन अँटी-स्लेव्हरी सोसायटी. सूर बहुधा तिरकस असतो. कारण 1840 मध्ये अमेरिकेतली संस्था फुटली. गॅरिसन यांचा गट एकीकडे, लुइस टॅपन यांचा दुसरीकडे, आणि ब्रॉड स्ट्रीट टॅपनच्या बाजूला. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या जागतिक परिषदेने अमेरिकेतून आलेल्या स्त्री प्रतिनिधींना सभासद म्हणून बसू दिलं नाही, तेव्हा उशिरा पोचलेले गॅरिसन त्यांच्याबरोबर सज्जात जाऊन बसले. पुढची 15-20 वर्षं कोण कुणाला लिहितं आणि कुणाला मुद्दाम लिहीत नाही, हे या फुटीवर ठरतं. एखाद्या नावाशी अडलात तर आधी त्याचा गट शोधा.

अक्षराबद्दल एवढंच: लागोपाठ दोन 'एस' आले की पहिला लांबट, 'एफ'सारखा काढायची सवय 1850 पर्यंत टिकून होती, म्हणून 'मिस' हा शब्द 'मिफ्स' दिसतो आणि मॅसॅच्युसेट्सचं संक्षिप्त रूप 'माफ्स'. एकदा कळलं की पुन्हा अडत नाही.

हस्तलिखित आणि छापील यांत फरक का, याचं उत्तर असं की ही दोन वेगवेगळी कामं करणारी पत्रं होती. डग्लस 'प्रिय मित्र गॅरिसन' असं लिहीत तेव्हा ते छापण्यासाठीच असे. उलट वेब यांचं घरगुती, थट्टेचं पत्र संपादकाला उपयोगी वाटलं तर त्यातला तुकडा उचलला जाई, व्यक्तींची नावं आडव्या रेघांनी झाकली जात, आजारपण आणि पैशाचा भाग गाळला जात असे. तेव्हा चार गोष्टी समोरासमोर मांडा: मूळ पत्र, 'लिबरेटर', न्यूयॉर्कचं 'नॅशनल अँटी-स्लेव्हरी स्टँडर्ड', आणि 1852 नंतर वेब यांनी संपादित केलेलं 'अँटी-स्लेव्हरी ॲडव्होकेट'. कुठे काय गाळलं याची यादी करा. गाळलेला मजकूर बहुधा तुमच्या प्रबंधाचा खरा विषय असतो. मूळ पत्रावर पेन्सिलीने केलेल्या खुणा दिसल्या तर त्या जुळाऱ्यासाठी असू शकतात. पण नंतरच्या संग्राहकाच्याही असू शकतात, म्हणून छापील मजकूर त्याच खुणेपाशी सुरू होतो का हे बघितल्याशिवाय ठरवू नका. 'लिबरेटर'चे वर्गणीदार 3,000 च्या फारसे वर कधी गेले नाहीत. त्याचा दरारा होता तो त्यातला मजकूर इतर वर्तमानपत्रं उचलायची म्हणून, शिव्या घालायला का होईना. गॅरिसनही विरोधकांचे लेख 'रेफ्यूज ऑफ ऑप्रेशन' या सदरात छापून परतफेड करत. म्हणजे सदर न पाहता उतारा घेतलात तर गुलामांच्या मालकाचं म्हणणं गॅरिसन यांच्या तोंडी घालून मोकळे व्हाल.

आता आवृत्त्या. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात 1891 पर्यंत लेखनहक्काचा करार नव्हता, त्यामुळे समुद्र ओलांडला की पुस्तक बेवारशी. 'अंकल टॉम्स केबिन'च्या 1852 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या असंख्य आवृत्त्यांवर लेखिकेचा हक्क चालत नव्हता. चळवळीतल्या लेखकांनी यावर साधा उपाय काढला: स्वतः तिथे जायचं, विश्वासातल्या छापखान्यातून काढायचं, आणि व्याख्यानाच्या दाराशी विकायचं. डग्लस यांचं पुस्तक मे 1845 मध्ये बोस्टनला निघालं. वेबनी त्याच वर्षी डब्लिनला नव्याने खिळे जुळवून 2,000 प्रतींची आवृत्ती काढली आणि त्या विक्रीवर डग्लस यांचा दौरा चालला. नव्याने जुळवणी झाली म्हणजे वर्णलेखन, विरामचिन्हं, पानांचे आकडे सगळं बदललं. पानाचा आकडा देताना आवृत्ती सांगितली नाही तर तो आकडा निरुपयोगी.

पण खरी गंमत 1846 च्या दुसऱ्या डब्लिन आवृत्तीत आहे. तिच्यात डग्लस यांची नवी प्रस्तावना आहे, शेवटी थॉम्पसनचं आरोपपत्र आणि त्याला दिलेलं उत्तर आहे, आणि बेलफास्टच्या दोन धर्मोपदेशकांचे अभिप्राय आहेत. पाद्र्यांचे अभिप्राय वेबना रुचत नव्हते. डग्लस यांचं म्हणणं असं की केवळ पाद्री म्हणून वगळलं तर आपणच त्यांच्यापेक्षा जास्त पंथवेडे ठरू. आतल्या चित्रावरूनही कुरबूर झाली, ते डग्लसना पसंत नव्हतं. ही सगळी घासाघीस वेबना लिहिलेल्या पत्रांत आहे आणि तिचा निकाल पुस्तकात. लेखक स्वतःच्या पुस्तकाच्या मांडणीवर किती ताबा ठेवू पाहत होता हे बोस्टनच्या आवृत्तीवरून कधीच कळणार नाही. तिथे पुढची दोन प्रशस्तिपत्रं गोऱ्या पुढाऱ्यांची, गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स यांची. म्हणून माझं मत विचाराल तर दोन्ही डब्लिन आवृत्त्या 'पुनर्मुद्रण' म्हणून बाजूला ठेवणं ही या विषयातली सर्वांत महाग चूक.

छपाईच्या ओतीव पट्ट्यांचाही (जुळवलेल्या पानांचे धातूत ओतलेले साचे) शोध घ्या. गुलामगिरीतून सुटलेल्या लेखिका हॅरिएट जेकब्ज यांचा प्रकाशक बुडाला तेव्हा त्यांनी पट्ट्या स्वतः विकत घेऊन 1861 मध्ये बोस्टनला पुस्तक काढलं. 1862 मध्ये लंडनला तेच 'द डीपर राँग' या नावाने निघालं. नाव वेगळं म्हणून दुसरं पुस्तक समजू नका. 'लिबर्टी बेल' या बाजारात विकल्या जाणाऱ्या वार्षिकाचा सापळा छोटा आहे: मुखपृष्ठावर 1848, पण विक्रीला आलं आधीच्या डिसेंबरात. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांची पळून आलेल्या गुलाम स्त्रीवरची कविता त्याच अंकात आहे, म्हणजे तिची प्रसिद्धी 1847 ची. काही वर्षी अंक निघालाच नाही, तेव्हा हरवला म्हणून शोधत बसू नका.

पैशाचे आकडे. न्यूकॅसलच्या ॲना आणि एलन रिचर्डसन यांनी वर्गणी जमवून 1846 च्या अखेरीस डग्लसना कायदेशीर मुक्त केलं. कागदोपत्री रक्कम 150 पौंड किंवा 711.66 डॉलर. भागाकार केला तर पौंडाला 4.74 डॉलर पडतात आणि लोक विचारतात की दर 4.44 होता की 4.87? दोन्ही ठीक. व्यापारी हुंडी 4.44 या जुन्या नाममात्र दरावर शेकडा बट्टा किंवा चढ लावून सांगत, म्हणजे '109' म्हटलं की नऊ टक्के चढ. 150 पौंडांचे नाममात्र दराने 666.67 डॉलर होतात. त्यावर पावणेसात टक्के चढ धरा, 711.67 मिळतात, फरक फक्त एका सेंटचा. या पत्रांत हुंडणावळीचा तीन आकडी उल्लेख आला की हेच गणित करा, आजच्या तक्त्यातला सरासरी दर लावू नका. बाकी या सौद्यावर गॅरिसन यांच्याच गोटातून टीका झाली की पैसे देणं म्हणजे मालकीहक्क मान्य करणं. डग्लस यांचं 22 डिसेंबर 1846 चं मँचेस्टरहून लिहिलेलं उत्तर 'लिबरेटर'मध्ये 29 जानेवारी 1847 ला आलं. पुन्हा हिवाळा, पुन्हा जानेवारीची एकुलती एक बोट.

उद्धृत करताना बोस्टनच्या संग्रहाचा पूर्ण क्रमांक द्या. 'एमएस ए 1.1' मध्ये गॅरिसननी लिहिलेली पत्रं, '1.2' मध्ये त्यांना आलेली, '9.2' मध्ये वेस्टन भगिनींची (मारिया वेस्टन चॅपमन आणि त्यांच्या बहिणी); नंतर खंड आणि पान. संगणकाने दिलेला दुवा बदलतो, हा बदलत नाही. संग्रह सुमारे 40,000 कागदांचा आहे आणि हजारो पत्रांचं लिप्यंतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे. ते शोधायला वापरा, उद्धृत करायला मात्र चित्रच वाचा. पण फक्त बोस्टनवर विसंबलात तर जगाकडे गॅरिसन यांच्या चष्म्यातून बघाल. ब्रॉड स्ट्रीटचे कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियनमध्ये आहेत, तेही उघडा.

आणि या कागदांत मराठी मुलखाचा थेट दुवा हवा असेल तर पुण्याआधी साताऱ्याकडे बघा. जॉर्ज थॉम्पसन 1834-35 मध्ये अमेरिकेत व्याख्यानं देत फिरले आणि 1839 मध्ये लंडनला ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या स्थापनेत होते. हिशेब असा की हिंदुस्थानात मोकळ्या मजुरांनी पिकवलेला कापूस लँकशायरच्या गिरण्यांना मिळाला तर अमेरिकेतल्या गुलामांच्या कापसाची मागणी घसरेल. एलिझाबेथ पीझ याच कामात गुंतल्या होत्या. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडणारे थॉम्पसन हेच, आणि त्यावेळी महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये तळ ठोकून होते, ते 1853 पर्यंत. थॉम्पसन यांचे कागद मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत आहेत. शोधताना आजचं वर्णलेखन घालाल तर हाती काही लागणार नाही: सातारा दोन 'टीं'नी लिहिलेला, महाराज 'परताब शीन', आणि वकील 'रुंगो बापोजी'. या पत्रांना अटलांटिकचा तक्ता मात्र लावू नका. त्यांचा रस्ता मुंबई, सुएझ आणि अलेक्झांड्रियावरून, टपाल महिन्याचं. त्यासाठी वहीत दुसरं पान काढा.